शर्यतींचे छायाचित्रण

शर्यतींचे छायाचित्रण : धावमार्गावर वेगाने जाणारा प्राणी, वाहन अथवा स्पर्धक यांचे कॅमेऱ्याच्या साहाय्याने चित्र घेण्याची कला व तंत्र. घोड्यांच्या धावेपासून सुरू झालेले हे छायाचित्रण मोटारी व मोटारसायकली यांच्या शर्यतींबरोबर वाढत गेले आणि पुढे क्रीडा-छायाचित्रणाची ती एक महत्त्वाची शाखा बनली. वऱ्हाडात, म्हणजे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व १९९८ मध्ये अकोल्यापासून वेगळा झालेला वाशीम या जिल्ह्यांत, शर्यतीचा परंपरागत धावमार्ग बैलजोड्यांच्या शंकरपटाचा होय. शर्यतीच्या छायाचित्राकडून कालक्रमाने तीन कामे अपेक्षिली गेली : डोळ्यांना न दिसणारे दाखविणे, निकाल ठरविणे आणि वेगाचा प्रत्यय देणे. शंकरपटाच्या अलीकडील इतिहासात त्यांत चौथ्या कामाची भर पडली. धावणाऱ्या प्राण्याला कसे वागविले गेले, याची साक्ष देणे हे ते काम होय.

प्रारंभ : १८३९ मध्ये छायाचित्रणाची पद्धत जाहीर झाली, तेव्हा एका चित्रासाठी कित्येक मिनिटांचे उद्‌भासन (प्रकाश पडू देण्याचा काल) लागे. रस्त्यावरून जाणारी माणसे व गाड्या त्या चित्रांत उमटतच नसत. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी ओल्या काचपट्टीची पद्धती प्रसिद्ध केल्यावर हा काल काही सेकंदांवर आला. तथापि पट्टी ओली असतानाच वापरावी व धुवावी लागत असल्याने छायाचित्रकाराला अंधारखोलीचा तंबू बरोबर बाळगावा लागे. याच काळात मुंबईत छायाचित्रणाने मूळ धरले व १८५४ मध्ये तेथे छायाचित्रण-संस्था स्थापन झाली. वऱ्हाडातून जाणारा मुंबई–नागपूर लोहमार्ग १८६७ मध्ये पुरा झाला. अकोला व बडनेरा ही स्थानके त्याच मार्गावर असल्याने कापसाच्या व्यापाराबरोबर मुंबईच्या नव्या वस्तू या भागात येणे सुकर झाले.

शर्यतीच्या छायाचित्रणाचा खरा आरंभ एका वादातून झाला. दौडत्या घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीपासून सुटतात की नाही, हा प्रश्न डोळ्यांनी सुटण्याजोगा नव्हता. चित्रकार घोड्याचे पुढचे पाय पुढे व मागचे पाय मागे ताणलेले दाखवीत. फ्रेंच चित्रकार झेरीको याचे एप्सम येथील घोडशर्यतीचे १८२१ मधील चित्र याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. कॅलिफोर्नियातील धनाढ्य अश्वपालक लीलंड स्टॅनफर्ड यांच्या आश्रयाने एडवर्ड मायब्रिज यांनी जून १८७८ मध्ये पालो अल्टो येथील धावमार्गालगत बारा कॅमेरे ओळीने मांडले. पहिल्या प्रयोगातील घोडा दोन चाकांची हलकी गाडी ओढत होता व जमिनीवर अंथरलेल्या तारांवरून चाक गेले, की विद्युत् मंडल पुरे होऊन एकेका कॅमेऱ्याची झडप उघडे. दुसऱ्या प्रयोगात दौडता घोडा मार्गावर आडवे ताणलेले दोरे तोडीत गेला. चारही पाय जमिनीपासून सुटतात हे सिद्ध झाले. पण ते ताणलेले असताना सुटत नाहीत, पोटाखाली गोळा झालेले असताना सुटतात, हेही दिसले. शतकानुशतकांची चित्रे चुकीची ठरली. या छायाचित्रांनी प्रभावित होऊन फ्रेंच शरीरक्रियावैज्ञानिक एत्येन-झ्यूल मारे यांनी १८८२ मध्ये बंदुकीच्या आकाराचा, एका सेकंदात बारा चित्रे घेणारा कॅमेरा तयार केला.

झडप आणि चाक : कोरड्या काचपट्ट्या प्रचारात आल्यावर छायाचित्रकार तंबूच्या जोखडातून सुटला. ओटोमार आन्शुट्‌स यांनी १८८० नंतरच्या दशकात काचपट्टीच्या अगदी पुढे सरकणारी फटीची झडप उपयोगात आणली व सेकंदाच्या एक हजाराव्या भागाइतके उद्‌भासन हाती धरलेल्या कॅमेऱ्यानेही शक्य झाले. एवढा अल्प काल कशासाठी हवा, हे साध्या गणिताने कळते. ताशी १८० किमी. वेगाने जाणारी मोटारसायकल एका सेकंदात ५० मी. जाते, म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागात अर्धा मीटर व हजाराव्या भागात ५ सेंमी. सरकते. ताशी ३६ किमी. वेगाने धावणारी बैलजोडी याच कालावधींत अनुक्रमे १० सेंमी. व १ सेंमी. पुढे जाते. कॅमेऱ्यापुढून आडवे जाणारे वाहन सर्वांत अधिक पुसट उमटते, तर समोरून येणारे त्या मानाने स्थिर दिसते.

पुसटपणा सर्व भागांत सारखा नसतो. घरंगळत्या चाकाचा जमिनीला टेकलेला बिंदू त्या क्षणी स्थिर असतो, तर माथ्यावरचा बिंदू वाहनाच्या दुप्पट वेगाने पुढे जात असतो. त्यामुळे बैलगाडीच्या चाकाचे खालचे आरे स्पष्ट व वरचे विरलेले दिसतात. बैलाच्या पायांचेही असेच आहे. टेकलेला खूर रेखीव उमटतो व पुढे फेकला जाणारा पाय धूसर होतो. चांगला छायाचित्रकार हा दोष टाळीत नाही, त्याचा उपयोग करून घेतो. कारण सर्वच भाग गोठलेले असतील, तर गाडी उभी असल्याचा भास होतो.

फटीच्या झडपेची एक विकृतीही पुढे प्रसिद्धीस आली. झाक-आंरी लार्तीग या फ्रेंच तरुणाने १९१२-१३ च्या सुमारास मोटारशर्यतीत घेतलेल्या एका छायाचित्रात मोटारीचे चाक लंबगोल होऊन पुढे झुकले आहे व प्रेक्षक मागे कललेले आहेत. फट खालून वर सरकत असताना मोटार पुढे गेली आणि कॅमेरा तिच्या दिशेने वळत राहिला, त्याचा हा परिणाम होता. १९६३ मध्ये न्यूयॉर्क येथील आधुनिक कला संग्रहालयात लार्तीगची चित्रे प्रदर्शित झाली व हे चित्र वेगाचे प्रतीक मानले जाऊ लागले. भ्रमणध्वनीतील आजचे बहुतेक कॅमेरेही चित्र ओळीओळीने टिपतात. वेगवान वस्तू तिरपी दिसण्याचा प्रकार त्यांतही आढळतो.

निकालाचा कॅमेरा : दोन स्पर्धक जवळजवळ एकाच वेळी अंतिम रेषेवर आले, तर पंचाच्या डोळ्यांवर विसंबणे धोक्याचे असते. त्यावर उपाय म्हणून १९३० नंतरच्या दशकात घोड्यांच्या शर्यतींत अरुंद फटीचा, फिल्म सतत सरकत ठेवणारा कॅमेरा रूढ झाला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्येही असा कॅमेरा वापरण्यात आला. याचे चित्र इतर छायाचित्रांहून मूलतः वेगळे असते. नेहमीचे छायाचित्र एका क्षणी अनेक जागा दाखविते. हे चित्र एकच जागा, म्हणजे अंतिम रेषा, अनेक क्षणी दाखविते. म्हणून त्यात डावे-उजवे हे अंतर नसून काल असतो व चाकांचे आरे वाकडे झालेले दिसतात. शर्यतीचा निर्णय देणारे हे चित्र पाहणाऱ्याला शर्यतीसारखे वाटत नाही, ही त्याची मर्यादा होय.

मोटारसायकल शर्यती : आयरिश समुद्रातील मॅन बेटावर २८ मे १९०७ रोजी पहिली टूरिस्ट ट्रॉफी शर्यत झाली. १९११ पासून ती सु. ६० किमी.च्या डोंगरी मार्गावर होऊ लागली. असल्या लांब मार्गावर एका ठिकाणी उभ्या असलेल्या छायाचित्रकाराला प्रत्येक स्वार फेरीतून एकदाच दिसतो. म्हणून जागेची निवड हे या कलेतील पहिले कौशल्य ठरले. या मार्गावरील बॅलॉ पुलाच्या उंचवट्यावर दोन्ही चाके हवेत उडतात व तीक्ष्ण वळणावर स्वार जमिनीकडे झुकतो. अशी स्थळे छायाचित्रकारांनी हेरून ठेवली. १९४९ मध्ये जागतिक विजेतेपदाच्या स्पर्धा सुरू झाल्या. १९२५ मध्ये बाजारात आलेला लायका हा छोट्या फिल्मचा कॅमेरा, १९५९ मधील निकॉन एफ हा भिंग बदलता येणारा व विद्युत् चलित्राने फिल्म पुढे सरकविणारा कॅमेरा, १९८० नंतर आलेले स्वयंचलित केंद्रण आणि १९९९ नंतर वृत्तपत्रांत पसरलेले अंकीय कॅमेरे हे यापुढील टप्पे होत.

या शर्यतींतील प्रमुख तंत्र कॅमेरा वाहनाबरोबर फिरविण्याचे आहे. पाय स्थिर ठेवून छायाचित्रकार कमरेपासून वळतो, स्वाराला चौकटीत एकाच जागी धरून ठेवतो व वळणे न थांबविता कळ दाबतो. उद्‌भासन सेकंदाच्या साठाव्या ते सव्वाशेव्या भागाइतके, म्हणजे तुलनेने दीर्घ ठेवतात. स्वार रेखीव उमटतो व पार्श्वभूमीच्या आडव्या रेषा होतात. दुसरे तंत्र पूर्वकेंद्रणाचे होय. मार्गावरील एखाद्या खुणेवर आधीच भिंग जुळवून स्वार तेथे पोचण्याच्या किंचित आधी कळ दाबायची. शिरस्त्राणामुळे स्वाराचा चेहरा दिसत नसल्याने वळणावर झुकण्याची त्याची ढब हीच त्याची ओळख ठरते.

भारतात मद्रासजवळील शोलावरम् येथे दुसऱ्या महायुद्धातील विमानाच्या धावपट्टीवर १९५० नंतरच्या दशकात मोटारींच्या व मोटारसायकलींच्या शर्यती सुरू झाल्या. १९९० मध्ये इरुंगट्टुकोट्टई येथे बांधीव धावमार्ग तयार झाला, तर ग्रेटर नोएडा येथील मार्गावर सप्टेंबर २०२३ मध्ये जागतिक मालिकेतील मोटारसायकल शर्यत झाली. महाराष्ट्रात पुण्याजवळ बालेवाडीच्या क्रीडासंकुलात जानेवारी २०२४ मध्ये मातीच्या उंचवट्यांवरील मोटारसायकल शर्यतीची राष्ट्रीय मालिका सुरू झाली. या मातीच्या मार्गावरील प्रश्न, म्हणजे उडणारी धूळ, हवेत जाणारी चाके व जवळ उभा असलेला प्रेक्षक, वऱ्हाडातील पटावर छायाचित्रकाराला फार पूर्वीपासून परिचित आहेत.

वऱ्हाडातील पट : शंकरपट हा विदर्भातील बैलजोड्यांच्या शर्यतीचा प्रकार. शंकराचे वाहन नंदी, यावरून हे नाव पडले असे परंपरेने मानतात. खरिपाची पिके घरात आल्यावर, संक्रांतीच्या मागेपुढे, मोकळ्या शेतात सरळ धावमार्ग आखून पट भरवितात. अमरावती जिल्ह्याच्या धामणगाव रेल्वे तालुक्यातील तळेगाव दशासर येथील पट शंभर वर्षांहून अधिक जुना म्हणून प्रसिद्ध आहे. तेथे महिलांनी जोड्या हाकण्याची स्वतंत्र स्पर्धाही झाली आहे. हलक्या छकड्याला जोडी जुंपलेली असते व हाकणाऱ्यास धुरकरी म्हणतात. पूर्व विदर्भात दोन जोड्या शेजारशेजारी सोडण्याची पद्धत आहे. वऱ्हाडातील पटांत मात्र जोडी बहुधा एकेकटी धावते व सेकंदाच्या अंशापर्यंत वेळ मोजून क्रमांक लावतात. वर्धा-नागपूर भागातील गवळाऊ जातीचे पांढरे, हलक्या बांध्याचे बैल चपळाईबद्दल प्रसिद्ध आहेत. पट जिंकलेल्या जोडीची किंमत वाढते. झूल घातलेल्या जोडीजवळ उभ्या असलेल्या मालकाचे छायाचित्र घरात लावण्यामागे अभिमान असतो, तसा व्यवहारही असतो.

जोडी एकेकटी धावत असल्याने पटाच्या एका छायाचित्रात स्पर्धा दिसू शकत नाही. कोण पुढे, कोण मागे हे घड्याळालाच ठाऊक असते. छायाचित्रकाराच्या हाती धावेचा आवेश तेवढा राहतो. प्रकाशाचीही अडचण असते. हिवाळ्यातील तिरपे ऊन, काळी कसदार जमीन आणि तीवर पांढरे बैल अशा दृश्यात कॅमेऱ्याचा प्रकाशमापक काळ्या जमिनीच्या मानाने उद्‌भासन वाढवितो व बैलांच्या अंगावरील सर्व छटा धुऊन जातात. पाठीची शीर, कातडीवरचा वळ, तोंडाचा फेस यांतले काहीच उरत नाही. याउलट बैलांच्या मानाने प्रकाश मोजला, तर धुरकऱ्याचा चेहरा काळवंडतो. जोडी गेल्यावर मागे राहणारी धूळ उन्हाच्या विरुद्ध दिशेने सुंदर दिसते. पण पुढच्या जोडीपूर्वी ती बसली नाही, तर चित्र फिकट होते.

साधनांची टंचाई हे आणखी एक कारण होते. स्वातंत्र्योत्तर काळात कॅमेऱ्यांच्या आयातीवर निर्बंध होते. उटकमंड येथे १९६० मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याने फिल्मची गरज काही अंशी भागविली. तो पुढे बंद पडला. तालुक्याच्या गावी सामान्यतः साधा पेटी-कॅमेरा असे. त्याची झडप सेकंदाच्या सु. पन्नासाव्या भागाची व चौकटी अवघ्या बारा. अशा कॅमेऱ्याने धावती जोडी आडवी टिपणे दुरापास्त असल्याने धाव सुरू होण्यापूर्वीची किंवा बक्षीस घेतानाची उभी जोडी टिपणे सोयीचे पडे. वृत्तपत्रातील हाफटोन ठशाच्या भरड जाळीतही बारकावे टिकत नसत. प्रतिरूप मुद्रण व रंगीत पाने आल्यावर आणि पुढे प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आल्यावर ही स्थिती पालटली. एकेका धावेची शेकडो चित्रे निघू लागली.

पुरावा म्हणून छायाचित्र : हे स्थित्यंतर घडत असतानाच पट न्यायालयात गेला. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे. ११ जुलै २०११ च्या केंद्रीय अधिसूचनेने खेळासाठी वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश झाला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील जल्लिकट्टू व महाराष्ट्रातील बैलगाड्यांच्या शर्यती यांवर बंदी घातली. या वादात निरीक्षकांचे अहवाल व प्रतिज्ञापत्रे यांबरोबर छायाचित्रेही मांडली गेली. महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. परंतु त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने शर्यतींना मनाई केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह अनुमती दिली व १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरविल्या. राज्याच्या नियमांनुसार धावेचे अंतर एक हजार मीटरपेक्षा अधिक नसावे, बैलांची पशुवैद्यकाकडून तपासणी व्हावी, चाबूक, काठी अथवा पराणी वापरू नये आणि संपूर्ण शर्यतीचे चित्रीकरण करून ते जिल्हा प्रशासनास सादर करावे, अशा अटी आहेत. अशा रीतीने कॅमेरा ही पटाची हौस न राहता पट भरविण्याची कायदेशीर अट बनली.

यामुळे जुन्या चित्रांचा अर्थही बदलला. धुरकऱ्याचा उगारलेला हात, त्यातील तुतारी (टोकाला खिळा लावलेली काठी), पिरगाळलेले शेपूट, विस्फारलेले डोळे या गोष्टी पूर्वी जोशाच्या खुणा म्हणून पाहिल्या जात. तीच चित्रे पुढे आरोपाचा आधार होऊ शकतात. पटाचे समर्थक सांगतात, की शेतकरी पटाच्या बैलाला पोटच्या पोराप्रमाणे खुराक घालून जपतो व शर्यत थांबली, तर असले बैल पाळणे परवडणार नाही. विरोधकांचे म्हणणे असे, की बैलाचे शरीर घोड्याप्रमाणे दौडीसाठी घडलेले नाही व वेदना आणि भीती यांखेरीज तो असा धावत नाही. दोन्ही पक्षांना छायाचित्र आपल्या बाजूचे वाटते.

छायाचित्राची साक्ष मात्र जपून घ्यावी लागते. उगारलेली काठी खाली आली की नाही, हे सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या चित्रावरून कळत नाही. दीर्घ केंद्रांतराच्या भिंगाने अंतरे आक्रसतात व प्रेक्षक प्रत्यक्षापेक्षा बैलांच्या अधिक जवळ दिसतात. कॅमेरा फिरवून घेतलेल्या चित्रात पार्श्वभूमीच्या रेषा होऊन गर्दी, दोर व बाजूचे हाकारे पुसले जातात; सौंदर्य वाढते व माहिती घटते. पांढऱ्या बैलावरील वळ अतिप्रकाशात नाहीसा होतो, पण त्यामुळे वळ नव्हताच असे सिद्ध होत नाही. म्हणूनच नियमांनी सुट्या चित्राऐवजी सलग चित्रीकरण मागितले आहे. जोडी जुंपल्यापासून सुटेपर्यंतचा क्रम त्यात राहतो. अर्थात कॅमेरा कोणत्या टोकाला उभा केला, यावर त्याचाही उपयोग अवलंबून असतो. अंतिम रेषेवरचा कॅमेरा विजय टिपतो. बैलाला धावायला कसे लावले हे सुटण्याच्या रेषेवरच अधिक दिसते.

मोटारसायकलच्या शर्यतीत धोका पत्करणारा स्वार स्वखुशीने उतरलेला असतो व यंत्राला वेदना नसते; त्यामुळे तेथील छायाचित्रकार वेगाच्या सौंदर्यापाशी थांबू शकतो. पटावरच्या छायाचित्रकाराला ती मोकळीक नाही. त्याच्या चौकटीतील तिघांपैकी दोघांना शर्यतीला होकार किंवा नकार देता येत नाही. मायब्रिजच्या बारा कॅमेऱ्यांनी घोड्याच्या पायांविषयीचा वाद मिटविला, कारण प्रश्न केवळ पाहण्याचा होता. पटाचा वाद पाहण्याने मिटणारा नाही. तथापि नीट पाहिल्याखेरीज त्याचा न्याय्य निर्णयही होणार नाही. काळ्या जमिनीवरच्या पांढऱ्या बैलांसाठी प्रकाश बरोबर मोजणे, ही वऱ्हाडातील छायाचित्रकाराची जुनी तांत्रिक अडचण होती. बैलांच्या अंगावरच्या खुणा चित्रात टिकणे वा पुसले जाणे त्याच मोजणीवर ठरत असल्याने आता ती त्याची जबाबदारीही झाली आहे.